इशारा आणि पडताळा

धोक्याची पूर्वसूचना देणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्य असले, तरी त्या सूचनेचे मोल तिच्यातील भीतीवर नव्हे, तर तिचा पडताळा घेता येतो की नाही यावर ठरते. हवामान खात्याने रायगडसाठी लाल इशारा दिला, तर कर्जतला उल्हास आणि खोपोलीला पाताळगंगा कुठवर चढली, हे दुसऱ्या दिवशी कोणालाही पाहता येते. जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी दरडीखाली गेली, तेव्हा दरडप्रवण गावांच्या यादीत तिचे नाव नव्हते हे लोकांसमोर आले, कारण तपासायला यादीही होती आणि डोंगरही होता. सायबर धोक्याच्या बाबतीत मात्र संगणकांतील नोंदी, त्यांचा अर्थ लावणारे तज्ज्ञ आणि इशारा देणारी यंत्रणा बहुधा एकाच छताखाली असतात. हल्ला झाला तर इशारा खरा ठरतो, आणि न झाला तर यंत्रणेची दक्षता सिद्ध झाली असे म्हणता येते.

खोपोली (१९१५) आणि भिवपुरी (१९२२) येथील टाटांची जलविद्युत केंद्रे मुंबईला वीज पुरवण्यासाठीच उभी राहिली असल्याने आणि कर्जत-खोपोलीची लोकल त्याच महानगराकडे धावत असल्याने, १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली ही घटना या तालुक्यांना परकी नव्हती. पुढे १ मार्च २०२१ रोजी राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबर या विभागाचा प्राथमिक अहवाल मांडला आणि वीज यंत्रणेच्या संगणकांत १४ 'ट्रोजन हॉर्स', म्हणजे उपयुक्त प्रोग्रामचे सोंग घेऊन शिरणाऱ्या घातक आज्ञावल्या, सोडल्या गेल्याची शक्यता वर्तवली. त्यावर तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंग यांनी वीज जाण्यामागे मानवी चूक असल्याचे सांगितले. एकाच अंधाराची दोन सरकारांनी दोन कारणे दिली, आणि निवाडा करण्याचे साधन नागरिकाच्या हाती नव्हते.

अशा वातावरणात २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुमारे ८३७ कोटी रुपयांच्या सायबर सुरक्षा प्रकल्पाला मान्यता दिली. भीती आणि निधी यांच्या नात्यात लबाडीच असते असे नाही. परंतु न दिसणाऱ्या कामासाठी पैसा मागताना धोक्याचे चित्र ठळक करण्याकडे कोणत्याही खात्याचा कल होणे स्वाभाविक असते. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र सायबरने पंधरा लाखांहून अधिक सायबर हल्ल्यांचा आकडा जाहीर केला आणि त्यांपैकी केवळ १५० यशस्वी झाल्याचेही सांगितले. स्वयंचलित प्रोग्रामने संकेतस्थळाचे दार क्षणभर ठोठावणे आणि आत शिरून माहिती पळवणे या दोहोंना 'हल्ला' हा एकच शब्द लावला, तर मोठा आकडा धोक्याची व्याप्ती सांगत नाही, केवळ धास्ती वाढवतो. लहान आकड्याचे तसे नाही. त्या १५० मध्ये कर्जतच्याच रेल्वेमार्गावरील कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेचे संकेतस्थळ होते, आणि मोडते दार लहान कार्यालयाचेही असते हे त्यातून कळते.

म्हणून प्रश्न इशारे कमी करण्याचा नाही. हल्ल्याची व्याख्या आधी ठरवणे, ठरावीक मुदतीनंतर तपशील विधिमंडळापुढे ठेवणे आणि मोजदाद निधी मागणाऱ्या खात्याबाहेरच्या लेखापरीक्षकाकडे सोपवणे, एवढे झाले तर पंधरा लाखांच्या धास्तीऐवजी त्या १५० दारांच्या दुरुस्तीवर किती पैसा खर्च झाला, हे खोपोली किंवा कर्जतच्या नगरपरिषदेतही विचारता येईल.