वसतिगृहातली खाट

जून संपत आला की यवतमाळच्या बसस्थानकावर एक वेगळी गर्दी उतरते. झरी जामणी, मारेगाव, पांढरकवडा, घाटंजीकडच्या लालपरीतून बारावी झालेली पोरं-पोरी खाली येतात. कोलाम, गोंड, आंध, बंजारा. हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली कागदपत्रं: टीसी, गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला, जातवैधता, प्रत्येकाच्या चार-चार झेरॉक्स. सोबत पेरणी अर्धी टाकून आलेला बाप. बी.ए.ला प्रवेश सहसा अडत नाही. अडते ती खाट. वसतिगृहाच्या यादीत नाव लागलं तर शिक्षण, नाही तर परतीची गाडी. यादीत न बसणाऱ्या आदिवासी विद्यार्थ्यांना शासनाच्या 'स्वयम्' योजनेतून राहण्या-जेवण्याचे पैसे मिळतात; पण ते खात्यात जमा होईपर्यंत घरमालक कुठे थांबतो?

समजा, या गर्दीत एक कॅथलिक मिशनरी उभा आहे आणि कॉलेजातल्या तरुणांत काम करायचं त्यानं ठरवलं आहे. त्याच्याकडे देण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. एक त्याची श्रद्धा, दुसरी खाट. या दोन्ही एकाच हातानं द्याव्यात का, हा त्याच्यापुढचा खरा पेच.

अमेरिकेत हा पेच जवळजवळ नाही. तिथं 1998 साली कॅन्सस राज्यातल्या बेनेडिक्टीन कॉलेजात 'फोकस' ही संघटना सुरू झाली. तिचे मिशनरी धर्मगुरू नसतात. नुकतीच पदवी घेतलेले हे प्रापंचिक तरुण स्वतःचा पगार देणगीदारांकडून स्वतःच उभा करतात, विद्यापीठाच्या आवारात वावरतात, कॉफी पाजतात, बायबलवर गटचर्चा घेतात. कॉफी नाकारणाऱ्या मुलाचं त्यात काही जात नाही. त्याची फी, खोली, जेवण यांपैकी काहीही त्या मिशनरीच्या हातात नसतं. ते मॉडेल उचलून यवतमाळला आणलं, तर नकाराची ही मुभाच उरत नाही.

खरं तर मदत आणि मन वळवणं यांची गुंतागुंत कॅथलिक मिशनरी परंपरेच्या मुळाशीच आहे. जुन्या गोव्यात ज्याचं शव जपलेलं आहे तो फ्रान्सिस झेवियर कोण होता? पॅरिसमधला कॉलेजचा विद्यार्थी. नावारच्या एका पडत्या काळातल्या खानदानाचा हा मुलगा 1525 मध्ये सेंत-बार्ब कॉलेजात दाखल झाला. पीटर फेवर हा त्याचा खोलीतला सोबती. 1529 मध्ये त्याच खोलीत पस्तिशी ओलांडलेला, लंगडणारा, पुढे जेज्विट संघाचा संस्थापक ठरलेला इग्नेशियस राहायला आला. फेवर लवकर वश झाला. झेवियरनं मात्र या प्रौढ विद्यार्थ्याची बराच काळ टिंगलच केली. पुढे झेवियर शिकवू लागला, तेव्हा इग्नेशियसनं त्याच्या वर्गाला विद्यार्थी मिळवून दिले, अडीअडचणीला पैशांची सोय केली. झेवियरनं आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात हे उपकार मोकळेपणानं मान्य केले आहेत. 15 ऑगस्ट 1534 रोजी मोंमार्त्रच्या टेकडीवर सात जणांनी व्रतं घेतली, त्यांत तोही होता.

आजच्या भाषेत याला कुणी प्रलोभन म्हणेल का? म्हणू शकेल. पण झेवियरला नाही म्हणायची मुभा होती, आणि ती त्यानं काही वर्षं मनसोक्त वापरली. नकार देऊनही त्याचं कॉलेज सुटणार नव्हतं. झरी जामणीहून खाटेसाठी आलेल्या मुलीला ही मुभा कितपत असेल?

आपल्याकडचं उदाहरण पाहायचं तर मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये जावं लागतं. हे कॉलेज 1869 चं. 1922 मध्ये हेन्री हेरास नावाचा स्पॅनिश जेज्विट तिथं इतिहास शिकवायला आला. कोणता इतिहास शिकवणार, असं प्राचार्यांनी विचारलं. भारताचा, हे उत्तर. त्याबद्दल किती माहिती आहे? काहीच नाही. मग शिकवणार कसं? आधी शिकेन. किस्सा सांगणाऱ्यांनी त्याला थोडी कल्हई केली असेल, पण पुढचं काम पक्कं आहे: 1926 मध्ये त्यांनी भारतीय इतिहास संशोधनाची संस्था काढली आणि 1955 मध्ये मृत्यू येईपर्यंत विद्यार्थ्यांना नाणी, शिलालेख, मूर्ती वाचायला शिकवलं. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या विद्यार्थ्यांना मिळाली ती विद्या. ती घेऊन हेरासांचा धर्म नाकारता येत होता.

विदर्भाचा इतिहास याहून कडवट आहे. 1956 पर्यंत यवतमाळ मध्य प्रदेशात होतं. त्या राज्याच्या सरकारनं 1954 मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी लावली. शाळा, दवाखाने यांच्या आडून धर्मांतर होतं, असा ठपका 1956 च्या अहवालानं ठेवला. योगायोग असा की अमरावतीचा कॅथलिक धर्मप्रांत, ज्यात यवतमाळ येतं, याच काळात, 1955 मध्ये वेगळा झाला. म्हणजे इथल्या मिशनरीच्या पायाखाली पहिल्या दिवसापासून संशयाची जमीन आहे. पुढे मध्य प्रदेशच्या 1968 च्या धर्मस्वातंत्र्य कायद्याविरुद्ध रेव्हरंड स्टॅनिस्लॉस सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1977 मध्ये हरले. धर्माचा प्रसार करण्याचा हक्क म्हणजे आपली तत्त्वं मांडण्याचा हक्क. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असं न्यायालयानं म्हटलं.

चर्चमधल्या अनेकांना हा निकाल अजून बोचतो, आणि त्यांचा एक मुद्दा खोडता येत नाही. खाट हे प्रलोभन ठरतं ते खाटा कमी आहेत म्हणून. शासनानं प्रत्येक पात्र मुलाला वेळेवर खोली दिली असती, तर फादरच्या खाटेत कोण अडकलं असतं? नियोगींपासून आजपर्यंत मिशनऱ्यांच्या हेतूची जितकी झडती झाली, त्याच्या चौथाई झडती वसतिगृहांच्या प्रतीक्षायादीची झाली असती तरी चित्र वेगळं दिसलं असतं. मात्र शासन कमी पडतं म्हणून मिशनरीवरची जबाबदारी हलकी होत नाही, उलट वाढते.

मग त्यानं करावं काय? राज्यघटनेचं कलम 28(3) इथं कामी येतं. शासनमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत विद्यार्थ्याला स्वतःच्या, आणि तो अज्ञान असेल तर पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. वसतिगृह खासगी असेल तर कलमाचं शब्दशः बंधन कदाचित लागणार नाही. शहाण्या मिशनरीनं ते आपणहून लावून घ्यावं. प्रवेशाची यादी त्यानं करू नये. ती गुणांवर आणि गावाच्या अंतरावर दुसऱ्या कुणी करावी, मुलाखतीआधी फलकावर लावावी. मिस्साला कोण आलं, कोण नाही याची नोंद कुठल्याही वहीत नसावी. मेसचं कूपन आणि प्रार्थनेची वेळ यांचा संबंध असू नये.

धार्मिक वृत्तीच्या माणसाला हे रुक्ष वाटेल. इतकी वर्षं सेमिनरीत काढून, घरदार सोडून वसतिगृहाचा गृहपाल व्हायचं, तेही तोंडाला कुलूप लावून? कुलूप लावायचं कारण नाही; पुस्तकातूनही बोलता येतं. 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून काहींनी विरोध केला. त्यांचं 'सुबोध बायबल' मात्र आधीच मराठी वाचकांत पोचलं होतं, 2013 चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कारही त्याला मिळाला होता. कॉलेजच्या ग्रंथालयात असं पुस्तक असेल, तर झरीची मुलगी ते उचलेल, दोन पानं चाळेल, आवडलं तर कार्डावर नोंदवून नेईल, नाही तर रॅकवर परत ठेवेल. संध्याकाळी मेसमध्ये भाजी-पोळीच्या रांगेत ती आपलं ताट घेऊन नेहमीच्याच जागी उभी असेल.