ड्राइव्ह कमी, लेव्हल जास्त

ओव्हरड्राइव्ह पेडल घ्यायला गेलेला माणूस दुकानात ते एकटाच वाजवून बघतो. घोळ तिथेच होतो. एकटं वाजवताना कानाला सगळंच हवं असतं, खाली घुमणारा खर्ज आणि वर चमकणारी धार. आयबानेझचा ट्यूब स्क्रीमर नेमकं हेच देत नाही. सुसुमु तामुरा यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये आखलेलं हे हिरवं पेडल पहिल्यांदा ऐकताना गिटार नाकातून बोलतेय असं वाटतं. एवढं नाव ऐकलं ते याचंच का, असं मनात म्हणत लोक ते परत ठेवतात.

आत काय चालतं ते पाहू. गिटारकडून आलेली लहर मोठी केली जाते आणि ती मर्यादेबाहेर जाऊ लागली की दोन डायोड तिचे माथे अलगद गोल करतात. त्यातून मुळात नसलेले उपस्वर जन्मतात, आवाज दाणेदार होतो. तंबोऱ्याच्या जवारीत वाढलेल्या कानाला या खरखरीचं वावडं असायचं कारण नाही. मिरजेचा कारागीर वेगळ्या वाटेने का होईना, उपस्वरांच्याच मागे असतो. पण या पेडलमध्ये साधारण ७२० हर्ट्झच्या खाली लहर मोठी करण्याचा जोर उतरत जातो. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झवर वाजते, म्हणजे खर्ज या भट्टीतून बराचसा वाचतो. तोही भाजून निघाला असता तर सगळा चिखल झाला असता.

शिवाय खर्जाची ती जागा बँडमध्ये बेस गिटारची आणि ड्रमची असते. चौघं वाजवू लागले की घरी भरदार वाटलेला आवाज त्यांच्यात बुडून जातो आणि नाकातला तो आवाज मात्र स्पष्ट ऐकू येतो. आपल्याला स्वतःचा आवाज आवडणं आणि इतरांत तो पोचणं, ही दोन मापं इतकी वेगळी असू शकतात हे या डबीकडून कळावं, याची मला अजून गंमत वाटते. पेडल निवडताना बेस वाजवणाऱ्या मित्राला सोबत न्यावं, असं माझं मत आहे. तो कंटाळेल, पण खरं सांगेल.

बाकी नावाच्या मागे लागण्याला अंत नाही. अमेरिकेत बिल फिनेगन यांनी १९९४मध्ये क्लॉन सेंटॉर हे ओव्हरड्राइव्ह पेडल बाजारात आणलं आणि आतली रचना कुणाला दिसू नये म्हणून ती काळ्या राळेत बुडवली. लोकांनी राळ खरवडून रचना शोधलीच. आज जुनं सेंटॉर हजारो डॉलरांना जातं. नंतरच्या पेडलवर तर फिनेगन यांनी छापूनच टाकलं की या अवाजवी गाजावाजाला मी जबाबदार नाही!

आता ट्यूब स्क्रीमरची बटणं. ड्राइव्ह, टोन, लेव्हल. नवखा माणूस ड्राइव्ह शेवटपर्यंत फिरवतो. टेक्सासचा गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन उलट करायचा: ड्राइव्ह अगदी कमी, लेव्हल भरपूर. पेडलने फक्त ढकलायचं, फुटायचं काम मोठ्या आवाजावर चाललेल्या फेंडरच्या ट्यूब अॅम्पने करायचं. मेटल वाजवणारेही ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर ठेवून, आधीच पेटलेल्या अॅम्पचा सैल खर्ज आवळायला हेच पेडल लावतात.

मात्र हा सल्ला आपल्या फ्लॅटमधल्या छोट्या ट्रान्झिस्टर अॅम्पला लागू पडत नाही. तो ढकलला की गोड फुटत नाही, कचकन तुटतो. तिथे लेव्हल बेताची ठेवून ड्राइव्ह निम्म्यावर आणावा, टोन थोडा मागे घ्यावा आणि मग पायाकडचं लक्ष काढून गिटारवरच्या व्हॉल्यूमच्या बटणाकडे द्यावं. ते जरा उतरवलं की आवाज निवळतो, चढवून प्लेक्ट्रम जोरात मारला की पुन्हा खरखरतो. एकाच पेडलमध्ये दोन-तीन आवाज मिळतात, आणि त्यासाठी वाकावंही लागत नाही.