पाऊस मागावा की प्रज्ञा?

जालना शहरात मस्तगड नावाची जुनी गढी आहे. आसफजाहाच्या आज्ञेवरून काबिलखानाने १७२५ साली येथे किल्ला बांधविला, त्याची ही गढी. गड म्हटला की तट आणि बुरूज डोळ्यांपुढे येतात. परंतु मला या गढीतील प्रशस्त विहिरीचे अधिक अप्रूप वाटते. तट शत्रूला थोपवील, तहानेला थोपविणार नाही, ही जाण बांधणाऱ्यांना होती.

२०१३ च्या उन्हाळ्यात या मस्तगड परिसरात मामांच्या घरी काही दिवस राहण्याचा योग आला. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण ज्या गावाने मिरविली, ते गाव त्या वर्षी घागरभर पाण्यासाठी रात्र रात्र जागत होते. नळाला पाणी केव्हा येईल, याचा भरवसा नव्हता. टँकरचा भोंगा ऐकू आला की जेवणाच्या ताटावरून माणसे उठत. संध्याकाळी घरात जपमाळ होई आणि शेवटी पावसासाठी प्रार्थना. एके दिवशी ती संपल्यावर मामी म्हणाल्या, “पाऊस मागून झाला. आता या घराला शहाणपण मिळावं म्हणून आणखी एक ‘नमो मरिया’ म्हणू या.” आम्ही हसलो. मामा मात्र हसले नाहीत.

कारण त्यांच्यापुढे खरोखरीच एक निर्णय होता. गावाकडे त्यांची मोसंबीची बाग होती. विहीर आटली होती. टँकरने पाणी घालून सारी झाडे जगवायची, तर धाकट्या मुलीच्या परिचारिकेच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेले पैसे मोडावे लागणार होते. झाडे सोडून द्यावीत, तर बारा वर्षांची मेहनत सरपण होणार होती. शेजारचे शेतकरी कर्ज काढून टँकर आणीत होते. ते मामांना म्हणाले, “देवावर भरवसा ठेवा. तो आपल्या झाडांना मरू देणार नाही.” मामा गप्प राहिले. विश्वासाच्या माणसाला या वाक्यावर चटकन उत्तर देता येत नाही.

अशा वेळी आपण काय मागावे? शलमोनाला देवाने हवे ते माग म्हटले, तेव्हा त्याने दीर्घायुष्य मागितले नाही, संपत्ती मागितली नाही. न्याय करण्यासाठी विवेकी अंतःकरण मागितले. याकोबाच्या पत्रातही ज्याला ज्ञान उणे असेल त्याने ते देवाकडे मागावे, असा उपदेश आहे. आणि तो येतो संकटांविषयीच्या बोलण्यानंतर लगेच. म्हणजे प्रज्ञेची प्रार्थना ही सुखवस्तू माणसाची चैन नव्हे. ती ओढग्रस्तीतल्या माणसाची गरज आहे.

येथे एक शंका मनात येते. ‘पाऊस पाड’ असे मागितले आणि पाऊस आला नाही, तर प्रार्थना निष्फळ झाली हे उघड दिसते. ‘शहाणपण दे’ असे मागितले, तर निष्फळता कुणालाच दिसत नाही. मग ही देवाला अडचणीतून सोडविण्याची सोयीस्कर युक्ती तर नव्हे? मला तसे वाटत नाही. प्रभूने आपल्याला रोजची भाकर मागायला शिकविले आहे; तेव्हा पाऊस अवश्य मागावा. परंतु पाऊस मागणारा आभाळाकडे पाहतो, प्रज्ञा मागणाऱ्याला मात्र स्वतःकडे पाहावे लागते. उत्तर आले की त्याप्रमाणे वागण्याचे ओझे त्याच्याच खांद्यावर येते.

अवर्षणात देवाने एलियाला करीथ ओहोळापाशी पाठविले. तोच ओहोळ पुढे आटला. देवाने दाखविलेली वाटही कोरडी पडू शकते, हे पवित्र शास्त्र लपवीत नाही. ओहोळ आटल्यावर सारफथला जाण्याची आज्ञा झाली आणि एलिया उठून गेला. कोरड्या पात्रात बसून राहणे म्हणजे श्रद्धा, असे त्याने मानले नाही.

मे महिन्यातल्या एका रात्री मामा म्हणाले, “सकाळी सगळी जमीनच विकून टाकतो.” संत इग्नाती लोयोला यांनी आध्यात्मिक साधनेच्या नियमांत बजावले आहे की, मन खिन्न आणि अंधारलेले असताना आधीचा निश्चय बदलू नये. मामांनी हा नियम वाचला नव्हता. मामी एवढेच म्हणाल्या, “मिस्सा होऊ द्या, मग बोलू.” रविवारी मिस्सा झाल्यावर ते जुन्याजाणत्या बागायतदारांशी बोलले, धर्मगुरूंशी बोलले, मुलीशीही बोलले. संत थॉमस अक्वायनस सांगतात की, सुज्ञतेला दुसऱ्याकडून शिकण्याची तयारी लागते, कारण एकट्या माणसाला सर्व बाजू दिसत नाहीत. पवित्र आत्म्याचे सल्ल्याचे दान पुष्कळदा शेजाऱ्याच्या तोंडून येते.

निर्णय झाला. विहिरीत जेवढे पाणी झिरपत होते, तेवढ्यावर जगतील तितकीच झाडे राखायची. बाकीची सोडायची. मुलीच्या पैशांना हात लावायचा नाही.

त्या वर्षी जूनमध्ये पाऊस चांगला झाला. कर्ज काढणाऱ्या शेजाऱ्यांची बाग वाचली. मामांची निम्मी बाग वाळली होती. मग मामा चुकले काय? त्यांचा विश्वास उणा पडला काय?

या प्रश्नाने मला पुष्कळ दिवस छळले. शेजाऱ्यांची श्रद्धा खोटी होती, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण निर्णयाचे शहाणपण त्याच्या फळावरून मोजता येत नाही. पाऊस केव्हा येणार हे मे महिन्यात कुणालाच ठाऊक नव्हते. उद्याचे ज्ञान फक्त देवाकडे असते. आपल्याला मिळते ती आजच्या पावलापुरती प्रज्ञा. मंदिराच्या शिखरावरून उडी घे, देवदूत तुला झेलतील, असे सैतान म्हणाला, तेव्हा प्रभू येशूने उडी घेतली नाही. पित्यावर त्याचा भरवसा नव्हता म्हणून नव्हे. पित्याची परीक्षा पाहावयाची नाही म्हणून. भरवशाच्या नावाने आपले स्वतःचे पणाला लावता येईल. लेकीचे भवितव्य पणाला लावण्याचा हक्क बापाला आहे काय? मामांनी या प्रश्नाचे उत्तर दिले आणि त्याची किंमत वाळलेल्या झाडांनी मोजली.

भरवसा आणि प्रज्ञा यांत वैर नाही. प्रज्ञेविना भरवसा जुगार होतो, आणि भरवशाविना प्रज्ञा नुसता हिशेब होते. जालनेकरांनी निजामकाळातील घाणेवाडी तलावातला गाळ लोकसहभागातून उपसला. गाळ उपसणाऱ्याला पाऊस पाडता येत नाही, पण येणाऱ्या पावसाला जागा करून देता येते. प्रज्ञेची प्रार्थना अशीच असते. ती अंतःकरणातला भीतीचा, हट्टाचा, लोक काय म्हणतील याचा गाळ उपसते.

२०१४ आणि २०१५ साली मराठवाड्यात पुन्हा पाऊस रुसला. मामांच्या घरी पुन्हा जपमाळेनंतर पावसासाठी प्रार्थना झाली आणि तिच्यामागून, कुणी न सांगता, आणखी एक ‘नमो मरिया’. या वेळी हसले ते मामा. लेक तेव्हा शिकत होती. राखलेली झाडे उभी होती; पुढल्या उन्हाळ्यात उभी राहतील की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते. तरीही त्यांना रात्री झोप लागत होती. प्रार्थनेचे फळ म्हणून मी एवढेच सांगू शकतो, आणि मला ते थोडे वाटत नाही.