‘नाही’ म्हणता यावं म्हणून

“आमच्यावर प्रयोग करणार का?” कॅन्सरच्या रुग्णासमोर क्लिनिकल ट्रायलचा कागद आला की घरच्यांच्या मनात आधी हेच येते. या रास्त प्रश्नाला सरळ उत्तर द्यावे: हो, प्रयोगच आहे. पण तो कुणाचा आणि कशासाठी, हे कळल्याशिवाय होकार देऊ नये, नकारही नाही.

औषध कंपनीला नवे औषध विकण्यासाठी पुरावा लागतो, म्हणून ती रुग्णालयांना पैसे देऊन ट्रायल करून घेते. रुग्णालय स्वतःच प्रायोजक असते तेव्हा प्रश्न वॉर्डातल्या डॉक्टरला पडलेला असतो आणि जबाबदारी संस्थेची असते. पनवेल तालुक्यात, खारघरला ‘ॲक्ट्रेक’ हे कॅन्सर संशोधन केंद्र आहे. ते ज्या टाटा मेमोरियल सेंटरचा भाग आहे, तिथल्या डॉक्टरांनी असे प्रश्न सातत्याने विचारले.

त्यांपैकी डॉ. राजेंद्र बडवे यांचा प्रश्न घ्या. स्तनाच्या कॅन्सरची गाठ काढण्याआधी काही मिनिटे तिच्याभोवती लिडोकेन टोचले तर रोग पसरणे कमी होईल का? लिडोकेन म्हणजे दात काढताना हिरडी बधिर करायला वापरतात ते जुने, स्वस्त औषध. त्यात कुणाला नफा नाही, म्हणून कंपनी हा प्रश्न कधीच विचारणार नव्हती. ११ केंद्रांतल्या सुमारे १६०० स्त्रियांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी झाली. कोण कुठे जाणार हे डॉक्टरच्या हाती नव्हते. पाच वर्षांनी इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ९०.१ टक्के हयात होत्या, न घेतलेल्यांपैकी ८६.४. शंभरामागे जवळजवळ चार जीव, एका साध्या इंजेक्शनने! अशा संशोधनावर सार्वजनिक पैसा खर्च व्हायलाच हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

काळजी वेगळीच आहे. इथे उपचार करणारा आणि प्रश्न विचारणारा एकच असतो. खाट, केसपेपर, पुढची तारीख, सगळे त्याच हातांत. रायगडच्या एखाद्या गावातून आलेला माणूस “डॉक्टर, तुम्ही सांगाल तसं” म्हणतो तो विश्वासाने, आणि थोडा भीतीनेही. त्याला संमती म्हणता येणार नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटाने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी दीड लाख स्त्रियांवर अभ्यास केला. तपासणी झालेल्या गटात मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. निम्म्या स्त्रियांची मात्र तपासणीच झाली नव्हती, आणि त्यावर कडक टीका झाली. निष्कर्ष मोलाचा होता, तरी त्या स्त्रियांना नेमके काय कळले होते हा सवाल त्याने पुसला जात नाही.

क्लिनिकल ट्रायलसाठीच्या २०१९ च्या केंद्रीय नियमांनुसार, मान्यताप्राप्त औषधाचा नवा उपयोग निव्वळ अभ्यासासाठी तपासायचा असेल तर बहुधा संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी पुरते. त्या समितीचा अध्यक्ष आणि किमान निम्मे सदस्य बाहेरचे असावे लागतात. प्रायोजक संस्थाच असल्याने इजा झाल्यास भरपाईची जबाबदारीही तिच्यावर येते, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. भरपाई, गटांची विभागणी हे सगळे संमतीपत्रात असते. पण ‘यादृच्छिक विभाजन’ असल्या मराठीत ते कुणाच्या डोक्यात शिरणार? तिथे ‘चिठ्ठी’ लिहा. ‘तुम्ही नाही म्हणालात तरी इथले उपचार थांबणार नाहीत’ हे वाक्य पहिल्या पानावर, ठळक घ्या, आणि ते उपचार करणाऱ्या डॉक्टरशिवाय दुसऱ्या कुणी वाचून दाखवावे. एवढ्याने कुठलेही संशोधन अडत नाही.

आणि घरात कुणावर अशी वेळ आली तर कागद घरी न्या. चिठ्ठीत दुसरा गट आला तर काय मिळेल, मध्येच बाहेर पडता येईल का, अपाय झाला तर खर्च कुणाचा, हे विचारा. ट्रायलचा सीटीआरआय क्रमांक, म्हणजे देशातल्या ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीतला क्रमांक, मागा. ती नोंद इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येते. उत्तरे पटली तर जरूर सही करा.