रिकाम्या हंड्याची प्रार्थना

शास्त्रपाठ : १ शमुवेल, अध्याय १, वचने ९ ते १८



जुन्नर तालुक्याच्या पूर्व टोकास आणे पठार आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर मेघ आपला भार रिकामा करितात आणि पठारापर्यंत येता येता त्यांच्याजवळ थोडेच उरते. माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे व डिंभे ही कुकडी प्रकल्पाची ५ धरणे याच जुन्नर-आंबेगावच्या मुलखात आहेत. त्यांचे पाणी कालव्यांनी पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, करमाळा इतक्या दूर जाते. परंतु पठार उंचावर पडल्यामुळे कालव्याचे पाणी तेथे आपोआप चढत नाही. म्हणून आणे, नळवणे, पेमदरा येथील लोकांनी टँकरची वाट पाहात अनेक उन्हाळे काढिले आहेत. पाणी मुळीच नसते तर मनुष्य कदाचित मन आवरील. पण आपल्याच तालुक्यात पाणी वाहत आहे आणि आपला हंडा रिकामा आहे, हे ज्यास ठाऊक असते त्याच्या मनात नुसते दुःख राहत नाही. तेथे चडफड उत्पन्न होते. आज आम्ही त्या चडफडीविषयीच बोलू इच्छितो.

पाणी उताराकडे धावते आणि रागाचाही तोच धर्म आहे. ज्याच्यामुळे आमचे काम अडले त्याच्यापर्यंत आमचा राग क्वचितच चढून जातो. तो खाली वाहतो. कचेरीत हेलपाटे घालून आलेला धनी घरी येऊन बायकोवर ओरडतो, बायको लेकराच्या पाठीत धपाटा घालिते, आणि लेकरू गोठ्यात जाऊन वासरास काठी मारिते. ज्याचा काही अपराध नाही त्याच्या दारी सगळा लोंढा येऊन थांबतो. संध्याकाळी तेच घर एकत्र बसून उपासना करिते, आणि सकाळच्या प्रसंगाविषयी देवाजवळ कोणी चकार शब्द काढीत नाही! आम्हांस वाटते, देवापुढे केवळ गोड शब्दच न्यावे, कडू शब्द घरच्यांसाठी ठेवावे. हे उलटे झाले. प्रार्थना म्हणजे तो लोंढा वर वळविणे होय. जो सोसण्यास समर्थ आहे त्याच्याकडे तो नेणे होय.

हन्नेकडे पाहा. तिला मूल नव्हते. तिची सवत पनिन्ना तिला वर्षानुवर्षे टोचून बोले. नवरा एल्काना मायाळू होता, पण तिचे दुःख त्यास उमजले नाही. दहा पुत्रांपेक्षा मी तुला अधिक नाही काय, असे तो विचारी. हन्ना काय करिते? ती पनिन्नेशी भांडत नाही, नवऱ्यावर तुटून पडत नाही, पनिन्नेच्या लेकरांचा हेवा करून त्यांस शिव्याशाप देत नाही. ती जेवणावरून उठते आणि शिलो येथील मंदिरात जाऊन परमेश्वरासमोर आपले मन रिते करिते. तिचे ओठ हालतात, पण शब्द ऐकू येत नाही. जिला वाचता येत नाही, जिला चार लोकांत उभे राहून प्रार्थना म्हणता येत नाही, त्या भगिनीने हे ध्यानात ठेवावे. पवित्र शास्त्रात वाखाणलेली ही प्रार्थना कोणास ऐकूही गेली नाही.

येथे आमच्या उपदेशक बंधूंस एक शब्द सांगणे जरूर आहे. एली याजक दारापाशी बसला होता आणि त्याने या बाईस मद्य प्यालेली समजून दटाविले. दुःखी मनुष्याची चर्या नेहमी भक्तीसारखी दिसत नाही. कोणी तुमच्यापुढे देवाविषयी कुरकुर करू लागला, तर त्याचा विश्वास ढळला असे लागलेच म्हणू नका. स्तोत्रसंहितेतील कितीतरी स्तोत्रे तक्रारीने भरलेली आहेत, आणि त्यांपैकीच एक, बाविसावे, आमच्या प्रभूच्या मुखी वधस्तंभावर आले. एलीविषयी इतके मात्र म्हटले पाहिजे की खरी गोष्ट कळताच त्याने आपला शब्द बदलला व तिला आशीर्वाद दिला. त्याच्या घाईचे नव्हे, या बदलण्याचे अनुकरण करावे.

आता अठराव्या वचनातील गोष्ट नीट पाहा. हन्ना परत गेली, जेवली, आणि तिचा चेहरा पुन्हा म्लान राहिला नाही. त्या वेळी शमुवेल जन्मला होता काय? नाही. पनिन्नेचे तोंड बंद झाले होते काय? तेही नाही. घर तेच, सवत तीच, ओटी रिकामीच. पण हन्ना तीच राहिली नाही. कोणी म्हणेल, तिने नवस केला होता, मग आम्ही केला तर काय बिघडले? परंतु तिचा नवस सौदा नव्हता. जे मागितले तेच तिने परत देऊ केले; स्वतःजवळ काही उरविले नाही. देवास बांधून घेण्यासाठी जो नवस करितो, त्याचे चित्त फळ हाती येईपर्यंत तळमळतच राहते. हन्नेला मात्र फळाच्या अगोदर शांती मिळाली.

याच पुणे जिल्ह्यात, दौंड तालुक्यातील केडगावी, पंडिता रमाबाईंनी हा मार्ग चालून दाखविला. १८७४ साली दुष्काळाच्या काळात त्यांचे आईबाप गेले. पुढे भाऊ आणि पतीही गेले. १८८३ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, तरी आपणांस धर्म मिळाला पण स्वतः ख्रिस्त पुष्कळ वर्षांनी मिळाला, असे त्यांनी आपल्या साक्षीत उघडपणे सांगितले आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी सुमारे ३०० मुलींस आसरा दिला, आणि १९०० पर्यंत मुक्ती सदनातील माणसे सुमारे दीड हजार झाली. इतक्या जणींच्या भाकरीची चिंता जिच्या शिरावर होती, ती बाई प्रार्थना करी आणि उठून कामास लागे. प्रार्थनेने तिची सर्व दुःखे टळली असे नाही. १९२१ च्या जुलैत तिची एकुलती कन्या मनोरमा वारली. तरी साध्या बायकांस समजेल अशा मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर करण्याचे काम तिने सोडले नाही. १९२२ च्या एप्रिलात ती प्रभूकडे गेली आणि १९२४ साली ते शास्त्र छापून प्रसिद्ध झाले.

म्हणून प्रार्थना केली की अर्ज करणे नको, ग्रामसभेस जाणे नको, असे आम्ही म्हणत नाही. पठाराने पाणी मागावे, हक्काने मागावे. परंतु आधी देवापाशी मन रिते केलेला मनुष्य कचेरीत गेला, तर शांत चित्ताने उभा राहतो आणि नकार ऐकून घरी आला, तरी लेकरावर हात उगारीत नाही. रिकामा हंडा घेऊन परतताना वाटेवरच देवाशी बोला. जसे मनात आहे तसेच बोला. उंबरठा ओलांडण्यापूर्वी बोला. कारण उंबरठ्याच्या आत जी माणसे आहेत, तीही तहानेलीच आहेत.

हे प्रभू, आमच्या विहिरी तुला ठाऊक आहेत आणि आमची मनेही. आमचा राग आमच्या दुबळ्यांवर पडू देऊ नको. तो आम्ही तुझ्यापाशी आणितो. पाणी दे, आणि पाणी येईपर्यंत आम्हांस एकमेकांशी गोड राहू दे. आमेन.