फांदी आणि पत्ता

बागकामाचा नाद असलेल्या माणसाला जेवायला बोलावू नये. बोलवायचंच झालं तर रात्री बोलवावं, म्हणजे अंधारात त्याला अंगण दिसत नाही. दिवसा आलेला हा पाहुणा चपला काढण्याआधी कुंड्या मोजतो, ‘या, बसा’ म्हटलं तरी बसत नाही, आणि यजमान मुलाच्या बढतीची हकीकत सांगत असताना त्यांच्या खांद्यावरून मागच्या क्रोटनकडे बघत ‘हं, हं’ करत राहतो. निघताना मात्र त्याच्या झब्ब्याचा खिसा आला तेव्हापेक्षा थोडा फुगलेला असतो. त्यात काय आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. विचारत कुणी नाही.

या खिशामागे एक तत्त्वज्ञान आहे, आणि ते वाटतं तितकं फुसकं नाही. चोरी म्हणजे काय? तर एकाचं जाऊन दुसऱ्याकडे येणं. पाकीट मारलं की मालकाकडे पाकीट उरत नाही. फांदीचं तसं नाही. गुलाबाची पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब फांदी डोळ्याच्या खाली तिरकी कापून नेली, तर राहिलेल्या भागावर काही दिवसांत नवे फुटवे येतात. म्हणजे चोरानं माळ्याचं काम फुकटात केलं! शिवाय पावसाळा सरल्यावर गुलाबाची छाटणी होते, तेव्हा अशाच फांद्या भारे बांधून कचऱ्याच्या गाडीत जातात. मालक जे उद्या स्वतःच फेकणार, ते आज आपण उचललं तर कुणाचं काय गेलं? एका दिव्यावर दुसरा दिवा लावला म्हणून पहिला काही मंद होत नाही.

शास्त्राधारही आहे. झाडांची मुळं-फळं, अग्नीसाठी लाकूड आणि गाईसाठी गवत घेणं ही चोरी नव्हे, असा निर्वाळा मनूनं आठव्या अध्यायात देऊन ठेवला आहे. पहाटे पिशवी आणि आकडी घेऊन दुसऱ्याच्या कुंपणावरची जास्वंद खुडणारे आजोबा मनूच्याच भरवशावर फिरत असतात. फक्त त्यांच्या घरी गाय नसते, गणपती असतो.

आणि मोठ्या माणसांचं काय? १८४८ साली रॉबर्ट फॉर्च्यून नावाचा गृहस्थ चिनी वेष करून चीनच्या आतल्या मुलखात शिरला आणि तिथली चहाची रोपं त्यानं हिंदुस्थानात धाडली. १८७६ साली हेन्री विकहॅमनं ब्राझीलमधून रबराच्या सुमारे ७०,००० बिया इंग्लंडला नेल्या; पुढे त्याला ‘सर’ केलं. सातच बिया रुमालात बांधून नेल्या असत्या तर कुणी ओळखही दाखवली नसती. याउलट अमेरिकेनं १९३० साली कायदा करून वनस्पतींना पेटंट द्यायचं ठरवलं, आणि १९३१ साली पहिलं पेटंट मिळालं ते नेमकं एका गुलाबाला! म्हणजे जगाचंही या बाबतीत एकमत नाही. आपण तर साधे पाहुणे.

या वादाचा निकाल, निदान माझ्यापुरता, कोथरूडमधल्या एका जेवणात लागला. तीन वर्षं झाली त्याला. दसऱ्यानंतरचा रविवार होता. मी मित्राकडे गेलो होतो आणि मित्राच्या घरी गॅस संपला होता. शेजारच्या काकूंना ते भिंतीतून कळलं असावं. “पाहुण्यांना घेऊन इकडेच या. विशेष काही नाही हो, साधंच आहे,” असा त्यांचा निरोप आला. पुण्यात ‘साधंच आहे’चा अर्थ मसालेभात, अळूची भाजी, दोन चटण्या, काकडीची कोशिंबीर, मठ्ठा आणि ‘काल उरलेली म्हणून’ वाढलेली जिलबी असा होतो.

जेवणावर मी अन्याय केला नाही. पण माझ्या पानासमोरच खिडकी होती, आणि खिडकीबाहेर गावठी गुलाब. गुलाबी, विरळ काट्यांचा, पाकळ्या नीट न रचलेला. हल्लीचे गुलाब कसे, इस्त्री करून आल्यासारखे दिसतात आणि नाकाजवळ नेले की प्लॅस्टिकशी नातं सांगतात. याचा वास मठ्ठ्यातल्या आल्या-कोथिंबिरीला बाजूला सारून आत येत होता.

हात धुवायला मागच्या दारी गेलो तेव्हा मित्र कानाशी लागला, “घे की तोडून एक. काकू आत आहेत. कोण बघतंय?” हा माझा मित्र आयुष्यभर हिशेब तपासनीस होता. दुसऱ्याच्या वहीतला एक पैसा त्यानं कधी इकडचा तिकडे होऊ दिला नाही. पण फांदी कुठल्याच खात्यात बसत नसल्यानं त्याची सदसद्विवेकबुद्धी निवांत होती. मी सरळ आत जाऊन काकूंना विचारलं, “काकू, एक फांदी नेऊ का?”

काकूंनी कात्री आणली नाही. वही आणली.

जुनी, पुठ्ठ्याची, किराणाच्या हिशेबाची असते तशी वही. त्यात नावं, गावं, सालं. “हा गुलाब माझ्या आईचा,” काकू म्हणाल्या. “नारायण पेठेत नदीजवळ वाडा होता आमचा. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं. मी तिसरीत होते. पाणी ओसरल्यावर वाडाच नव्हता, तर गुलाब कुठला? पण आदल्या वर्षी शेजारणीच्या बहिणीनं आईकडून फांदी मागून साताऱ्याला नेली होती. दोन वर्षांनी आईनं तिला कार्ड टाकलं. ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीनं फांदी आली.” पुढे इथला बंगला पाडून इमारत झाली तेव्हा कंत्राटदाराच्या माणसांनी झाडावर सिमेंटच्या गोणी रचल्या. त्या वेळी गुलाब परत आला तो नाशिकहून, बँकेतल्या एका मैत्रिणीकडून. तिचं नाव वहीत अकरावं.

मी विचारलं, “मग कुणी मागितलं की नाही म्हणतच नाही?”

“नाही का म्हणू? माझं झाड दुसरीकडे राहतं तेवढं बरंच.” मग जरा थांबून त्या म्हणाल्या, “आईचा पांढराही होता. त्याला तर याच्याहून वास. पण तो कुंपणाला लागून होता ना, त्यामुळे कुणाला मागायला आत यावंच लागलं नाही. जाता-येता तोडायचे. एका उन्हाळ्यात वाळवी लागून गेला. आज या पुण्यात दहा-वीस घरी तरी असेल तो. आहेच. पण कुणाकडे म्हणून विचारू?”

मित्रानं जिलबी खाली ठेवली. हिशेब तपासनिसाला कुठेतरी फरक सापडला की त्याचा चेहरा कसा होतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

फांदी नेल्यानं झाडाचं काही कमी होत नाही, हा आमच्या जमातीचा युक्तिवाद अजूनही तंतोतंत खरा आहे. त्या पांढऱ्या गुलाबाचंही काही कमी झालं नव्हतं. तो वाढलाच होता. कमी झालं ते काकूंचं. चोरानं फांदी नेली तिची भरपाई झाडानं केली. पण तो पत्ता न ठेवता गेला, आणि त्याची भरपाई कुठलंच झाड करू शकत नाही.

मग इतकं सोपं असताना माणसं मागत का नाहीत? मनीप्लँट चोरून आणला तरच फोफावतो, अशी एक समजूत घरोघरी आहे. मला वाटतं, ती मनीप्लँटबद्दल नसून आपल्याबद्दल आहे. मागितलं की चहाला बसावं लागतं, त्यांच्या मुलाची बढती ऐकावी लागते, पुढच्या खेपेला ‘काय, लागली का फांदी?’ या प्रश्नाला तोंड द्यावं लागतं; आणि ती आपल्या हातून मेली असेल तर लाजावं लागतं. चोरलेली फांदी मेली तर कुणाला जाब द्यायचा नसतो. उपकारापेक्षा चोरी स्वस्त पडते, म्हणून आपण ती करतो आणि वर तिला शकुनाचं नाव देतो.

वहीत माझं नाव तेविसावं आहे. दर दसऱ्याला काकूंचा फोन येतो. प्रकृती विचारतात, आधी गुलाबाची, मग माझी. आमच्या तळमजल्याच्या दारापाशी गुलाब आता कमरेएवढा झाला आहे, आणि बेलशेजारी मी एक पाटी लावली आहे : ‘गुलाबाची फांदी मागितल्यास मिळेल. बेल वाजवावी. दुपारी १ ते ४ वाजवू नये. नेणाऱ्याने नाव-पत्ता लिहून जावे.’

आजवर पाच जणांनी बेल वाजवली. त्यातल्या दोघांनी दुपारी अडीचला. “यांच्यापेक्षा चोर बरे, झोपमोड तरी करत नाहीत,” असं आमच्या सौभाग्यवतींचं मत पडलं. पण वही त्याच आणतात. एक पत्ता चिंचवडचा आहे, एक थेट सोलापूरचा.