नावाचे धनी

नकाशा उघडावा आणि एखादे परके नाव जिभेवर घोळवीत बसावे, ही माझी जुनी खोड. तिच्यापायी वेल्समध्ये शिरलो आणि उंबरठ्यावरच अडखळलो. ‘वेल्स’ हे त्या देशाचे घरचे नावच नव्हे! जुन्या इंग्रजीत त्याच्या मुळाशी अर्थ आहे ‘परके लोक’. समुद्रापलीकडून आलेल्या अँग्लो-सॅक्सनांनी, आधीपासून नांदणाऱ्यांना परके म्हटले. कानामागून आले आणि तिखट झाले, दुसरे काय? ती माणसे आपल्या देशाला म्हणतात ‘कम्री’. त्याच्या मुळाशी आहेत ‘एका देशीचे सोबती’.

तिथल्या सर्वांत उंच डोंगरालाही दोन नावे. इंग्रजी ‘स्नोडन’ म्हणजे बर्फाचा डोंगर. वेल्श ‘अर विद्वा’ म्हणजे थडग्याचा उंचवटा. आर्थर राजाने मारलेला रिता नावाचा राक्षस तिथे पुरला आहे, अशी कथा सांगतात. लांबून पाहणाऱ्याला बर्फ दिसले, पायथ्याशी राहणाऱ्याला कथा आठवली. यात खोटे कोण? मला तरी कुणीच वाटत नाही. पण २०२२ साली तिथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या प्राधिकरणाने वेल्श नावालाच पहिला मान द्यायचे ठरवले, तेव्हा मला बरे वाटले. दुसऱ्याचे नाव त्याच्या तोंडी असते तसे उच्चारण्याची तसदी घेणे, हे निव्वळ सौजन्य की कर्तव्य? कर्तव्यच, असे मी म्हणून टाकले असते. (आणि तरी या लेखात ‘वेल्स’च लिहीत आलो आहे!)

पण ‘कापेल केलिन’ आडवे आले. कापेल म्हणजे प्रार्थनामंदिर, केलिन म्हणजे हॉलीचे काटेरी पानांचे झाड. आपल्या वडगाव-पिंपळगावांच्याच गोत्रातले नाव. लिव्हरपूल शहराला पाणी हवे होते. वेल्सच्या बहुतेक खासदारांचा विरोध असताना १९५७ साली पार्लमेंटात कायदा झाला आणि १९६५ साली त्रवेरिनचे ते खोरे पाण्याखाली गेले. शाळा गेली, टपालकचेरी गेली, प्रार्थनामंदिर गेले. अठ्ठेचाळीस माणसांची घरे गेली. लिव्हरपूलच्या नगरपालिकेने माफी मागितली ती २००५ साली.

फार अवर्षण पडले, पाणी उतरले, की गावाचे अवशेष वर दिसू लागतात. त्या जलाशयाचे नाव ‘ह्लिन केलिन’, म्हणजे केलिनचे तळे. शुद्ध वेल्श. त्यात एक अक्षरही इंग्रजांनी बदललेले नाही.